दोरीनं मोजलेलं पातं

दोनशे फुटांची वस्तू एखाद्या वळणातून जाईल का, हे बघायला मी दोनशे फुटांची दोरी घेऊन गेलो. यात काही चुकलं असं ऐकणाऱ्याला लगेच वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. वाटलं असतं तर पुढची पंचाईत टळली असती, आणि मला चारचौघांत सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

आधी धंदा सांगतो. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, सोलापुरात अवजड वाहतुकीचं काम करतात. साखर कारखान्याचा बॉयलर, वीज उपकेंद्राचा ट्रान्सफॉर्मर, असलं काहीतरी ट्रेलरवर चढवायचं आणि माणसाच्या चालीनं शंभर-दोनशे किलोमीटर न्यायचं. ट्रेलर असा, की त्याची चाकं मोजायला बसलं तर हातातला चहा गार होतो. हा माल निघायच्या आधी एक माणूस त्या रस्त्यानं जाऊन येतो. विजेच्या तारा किती उंच आहेत, मोरीवर वजन पेलेल का, गावाच्या कमानीखालून माल जाईल का, ते वहीत लिहितो. त्याला सर्वे म्हणतात. तो माणूस मी. हे काम मला हुशारीवर मिळालं असं मी बाहेर सांगतो. घरात सगळ्यांना माहीत आहे की बहिणीनं तीन दिवस दाजींशी अबोला धरला होता आणि चौथ्या दिवशी माझ्या हातात वही आली.

वही आली म्हणून अक्कल आली असं नाही. वेळापूरच्या बाजूला एक बॉयलर न्यायचा होता, तेव्हा मी थंडीतल्या पहाटे जाऊन तारांची उंची मोजली. पहाटेच का, तर रस्ता मोकळा असतो. माल निघाला चैत्रातल्या भर दुपारी. उन्हानं तारा लोंबतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि वर बघून मला ते समजलं नव्हतं. बॉयलरवर बसलेल्या माणसांनी अठरा गावं बांबूनं तारा उचलत पार केली. संध्याकाळी त्यांचे हात खांद्यावरून खाली येईनात. जेवताना घास दुसऱ्यानं भरवला, असं ते अजून सांगतात. थोडं वाढवून सांगतात, पण फार नाही.

तरी हे काम मला मनापासून आवडायचं. पुढं लाल झेंडा लावलेल्या जीपमध्ये बसायचं, मागून डोंगराएवढा माल हळूहळू येतोय, आणि अख्खा रस्ता बाजूला होतोय. आयुष्यात मला बघून दुसरं कुणी कधी बाजूला झालं नव्हतं.

मग पवनचक्कीचं काम आलं. अक्कलकोटच्या अलीकडं हायवे सोडून अकरा किलोमीटर आत एक गाव, आणि गावाच्या वर माळ. त्या माळावर पवनचक्की उभी राहणार होती. तिची तीन पाती लांबून कुंभारीजवळच्या मोकळ्या मैदानात येणार होती आणि तिथून पुढं माळापर्यंत पोचवायचं काम आमचं. पातं म्हणजे घरातल्या पंख्याचं पातं डोळ्यांसमोर आणू नका. एकेक पातं दोनशे फूट. बुंध्याला माणूस आत उभा राहील एवढं जाड, टोकाला तळहाताएवढं, आणि सगळं मिळून एकसंध. त्याला सांधा नाही.

तोवर मी फक्त बुटका माल बघितला होता. बुटक्या मालाला उंची असते, वजन असतं, लांबीचं दुखणं नसतं. मी विचार केला, लांबी म्हणजे लांबीच. बार्शीच्या बाजारातून काथ्याची जाड दोरी आणली, दोनशे फूट मोजून कापली, आणि दोन मोटारसायकली घेऊन त्या गावात गेलो. पुढच्या गाडीवर मागं बसून मी दोरीचं एक टोक धरलं, मागच्या गाडीवरच्या माणसानं दुसरं. दोरी जमिनीला लागू द्यायची नाही, ताणून धरायची, असं मी त्याला चारदा बजावलं. माझा काटेकोरपणा तिथं होता.

त्या गावाचा चौक गलोलीसारखा आहे. हायवेकडून येणारा रस्ता हा गलोलीचा एक फाटा, माळाकडं जाणारा रस्ता दुसरा फाटा, आणि दोन्ही जिथं मिळतात तिथून पुढं दांड्यासारखी एक सरळ गल्ली, थेट देवळापर्यंत. दोन फाट्यांच्या बेचक्यात दूध संकलन केंद्र. म्हणजे हायवेकडून येऊन माळाकडं जायचं तर दूध केंद्राला वळसा घालून जवळजवळ आल्या दिशेलाच तोंड करावं लागतं. आमच्या मोटारसायकली वळल्या. दोरीही वळली. मधे ती दूध केंद्राच्या भिंतीला घासली, तेवढा चुना माझ्या डोळ्यांदेखत खाली पडला. मी वहीत लिहिलं, 'चौकातील वळण योग्य. उजव्या भिंतीस किरकोळ स्पर्श.' आणि देवळाच्या गल्लीबद्दल लिहिलं, 'पुढे गल्ली. संबंध नाही.'

ही दोन वाक्यं मी सुवाच्य अक्षरात लिहिली होती, त्याचा पुढं फार त्रास झाला.

पहिलं पातं कुंभारीहून निघायचं त्या दिवशी सकाळी दाजी मैदानात आले. ट्रेलरभोवती एक फेरी मारायला त्यांना बराच वेळ लागला. मग मला बाजूला घेतलं.

"उंचीचं चुकलं तर पोरं बांबूनं सांभाळून घेतात," ते म्हणाले. "लांबीचं चुकलं तर कोण सांभाळणार?"

"नाही चुकत, दाजी. स्वतः मोजलंय."

"त्याचीच काळजी आहे. हे बघ, हे पातं माळावर चढलं तर सर्वे तुझ्याकडं. माघारी आलं तर उद्यापासून तू ऑफिसात बसून पावत्या फाडायच्या. तुझ्या बहिणीनं वर्षभर बोलणं बंद केलं तरी चालेल."

वर्षभर म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर थोडी आशा दिसली असं मला वाटलं. पण त्यांचं म्हणणं खरं होतं. रोज सकाळी लाल झेंडा लावलेली जीप माझ्याशिवाय निघेल आणि मी पंख्याखाली बसून पावत्यांना टाचण्या लावत असेन, हे चित्र मला कुंभारीपासून त्या गावापर्यंत सोडेना.

ट्रेलर चालवायला आमचे चाचा होते. सोलापुरातलेच, साठीला टेकलेले, कधी मराठी, बहुतेकदा दखनी बोलणारे. त्यांनी हायवे सोडला, आतला अकरा किलोमीटरचा अरुंद रस्ता कातीव काम केल्यासारखा पार केला, आणि साडेदहाला पातं गावात आलं. वायरमननं गावची वीज बंद केली होती. रस्त्याकडेच्या ज्वारीतून हुरड्याची कणसं काढणारी माणसं उभी राहून बघत होती. "विमानाचा पंख हाय का हो?" असं एकीनं विचारलं. मी जीपमधून हात हलवला. त्या दिवसातला माझा तो शेवटचा रुबाब.

चौकात चाचांनी ट्रेलरचं तोंड उजवीकडं वळवलं. वीस फूट गेले आणि थांबले. इंजिन बंद केलं. खाली उतरून त्यांनी दूध केंद्राच्या भिंतीकडं बघितलं, भिंतीपासून वीतभर राहिलेल्या पात्याच्या पोटाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"सर्वेवाले, ये मोड कैसा नापा था?"

"दोरीनं."

"रस्सीसे?"

"ताणून धरली होती चाचा. जमिनीला लागू दिली नाही."

चाचांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत टोपी घातली. "रस्सी मुडती रे बाबा," ते अगदी हळू म्हणाले, आजाऱ्याशी बोलावं तसं. "ये मुडता क्या?"

मी दोरीकडं त्या दृष्टीनं कधी बघितलंच नव्हतं. दोरी कुठूनही जाते. दोरी बादलीच्या कडीतून जाते. ती चौकातून गेली यात चौकाचा काहीच मोठेपणा नव्हता. हे सगळं मला एका क्षणात कळलं, आणि त्याच क्षणी भोवती जमलेल्या दीडशे माणसांनाही कळलं. हसू पुढच्या रांगेतून सुरू झालं आणि मागं समजावून सांगत सांगत गेलं.

दूध केंद्र चालवणाऱ्या अक्का बाहेर आल्या. हात कमरेवर. "काय ठरलं तुमचं? माज्या भिंतीला हात लावायचा न्हाय हां, आदीच सांगते. सांजच्या पाचला दूध यायला लागतंय."

चाचांकडं माझ्या वहीच्या पानांची प्रत होती. ती त्यांनी केबिनमधून आणली आणि मोठ्यानं वाचली, "उजव्या भिंतीस किरकोळ स्पर्श."

"कुणाला स्पर्श?" अक्का म्हणाल्या.

"तुमच्या भिंतीला," चाचा म्हणाले.

"हे एवढं धूड किरकोळ लागणार व्हय माज्या भिंतीला?" मग माझ्याकडं वळून, "तुमीच व्हय ते दोरीवाले? त्या दिवशी चुना पाडून गेला, ते बी तुमीच की."

त्यानंतर सूचना सुरू झाल्या. चाकांतली हवा सोडा, असं एकानं सुचवलं. हवा सोडून लांबी कशी कमी होईल हे त्याला कुणी विचारलं नाही. मधून कापून वर नेऊन जोडा, असं दुसरा म्हणाला. पिठाच्या गिरणीचा मालक वीज गेल्यामुळं बाहेर बाकड्यावर बसला होता. तो अधूनमधून विचारायचा, "सायब, गिरणी चालू करू का आज पातंच दळणार हाय?"

फोन वाजला. दाजी.

"कुठवर आलं?"

"चौकात."

"वळलं?"

"वळतंय."

"वळतंय म्हणजे काय?"

"तोंड वळलंय."

"आणि बाकीचं?"

मी रेंज जातेय असं म्हणालो. रेंज चांगली होती. दाजी म्हणाले, "मी निघालोय. तासा-दीड तासात पोचतो. तोवर नाही वळलं तर माघारी घ्या."

माघारी घेणं म्हणजे, ट्रेलरचं तोंड फिरवायला जागा कुठंच नसल्यामुळं, अकरा किलोमीटर मागं मागं हायवेपर्यंत जायचं. चाचांना सांगितलं तर ते म्हणाले, "ग्यारा किलोमीटर उल्टा? उसके बाद मेरी गर्दन आगेकू फिरेगी क्या?" आणि केबिनच्या सावलीत जाऊन बसले.

मी चौकातल्या लिंबाच्या पारावर जाऊन टेकलो. तिथं एक म्हातारबाबा आधीपासून बसले होते. धोतर, डोक्याला मळका पटका, हातात काठी. सगळा चौक हसला तेव्हाही ते हसले नव्हते. गावातले त्यांना अज्जा म्हणत. तिकडं आजोबाला अज्जा म्हणतात.

"काय तम्मा," ते म्हणाले. अनोळखी पोराला तिकडं असंच धाकटा भाऊ करून टाकतात. "कुटं न्यायचं हाय ते?"

"माळावर."

"मग न्या की. वळवायला कशाला लागलाय?"

मला वाटलं यांना प्रश्न समजला नाही. मी समजावून सांगितलं. दोनशे फूट, दूध केंद्र, वळसा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमचा रथ बी हितं वळत न्हाय."

त्या गावात देवाचा लाकडी रथ आहे. वर्षातून एकदा तो देवळातून निघतो, सरळ गल्लीनं चौकात येतो आणि तसाच पुढं माळाच्या रस्त्यावरच्या पादुकांपर्यंत जातो. रथ फिरवता येत नाही, त्याची चाकं वळतच नाहीत. म्हणून पादुकांपाशी गेल्यावर दोर सोडून मागच्या बाजूला बांधतात आणि रथ आला तसा उलटा ओढत देवळात नेतात. वाटेत थोडं तिरकं करायचं असेल तर चाकाखाली लाकडी पाचर सारून करायचं. ती पाचर सारायचं काम चाळीस वर्षं अज्जांकडं होतं. आता त्यांचा पुतण्या सारतो आणि अज्जा त्याच्या चुका काढतात.

मला तरीही कळलं नाही. मग अज्जांनी काठीनं मातीत चौकाचे तीन रस्ते ओढले आणि पायातली एक चप्पल काढली. ती हायवेच्या रस्त्याकडून सरळ देवळाच्या गल्लीत घातली, पुरती आत. मग टाचेकडून मागं ओढत माळाच्या रस्त्यावर आणली. चप्पल कुठंच वळली नाही. थोडी कलली, एवढंच.

गलोलीच्या एका फाट्यातून दांड्यात शिरायचं, आणि दांड्यातून मागं मागं दुसऱ्या फाट्यात उतरायचं. दूध केंद्र बेचक्यात जसंच्या तसं. माळ दोन किलोमीटर. एवढं उलटं चाचा डोळे मिटून नेतील.

"अज्जा," मी म्हणालो, "मी पंधरा दिवसांपूर्वी इथंच बसून चहा प्यालो होतो. तेव्हा का नाही सांगितलं?"

"तू इचारलं कुटं? दोरी घिऊन हिंडत होतास. आमाला वाटलं मांडव घालायचा असंल."

मी धावत चाचांकडं गेलो. माझी चप्पल पारावरच राहिली हे तिथं पोचल्यावर लक्षात आलं; हातात अज्जांची होती, तीच त्यांना दाखवली. चाचांनी जमिनीवर तशीच गलोली ओढून तिच्यातून चप्पल दोनदा नेऊन बघितली. मग देवळाच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

ती गल्ली मी 'संबंध नाही' म्हणून सोडली होती. आता नीट बघितली. चारशे फूट लांब, आणि दोन्ही बाजूंना एकही पायरी बाहेर आलेली नाही, एकही पत्रा पुढं काढलेला नाही. नवी सिमेंटची घरं बांधणाऱ्यांनीही मागं सरून बांधलेली. रथाच्या वाटेत काही येऊ द्यायचं नाही, हा त्या गल्लीचा नियम. भाऊभाऊ बांधावरून भांडतील, पण या गल्लीत वीतभर ओटा पुढं कुणी काढणार नाही. "सोलापूर शहरमें बी ऐसी गल्ली नै," चाचा म्हणाले. ते पुढं म्हणाले, "लेकिन इस बार बंबूसे नाप."

मी दोन बांबू आडवे बांधून ट्रेलरच्या चाकांएवढी रुंदी केली आणि ती काठी दोघांनी धरून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. मग परत आणली. मग मी एकदा पोटावर पडूनही बघितलं, कशासाठी ते आता आठवत नाही. एक बाज, एक मोटारसायकल आणि कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एक भला मोठा फ्लेक्स मधे येत होता. बाज आणि मोटारसायकल लगेच हलली. फ्लेक्सला हात लावायला कुणी तयार होईना, कारण ज्याचा वाढदिवस होता तो समोरच उभा होता. अज्जा त्याला कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले. त्यानं स्वतःच वर चढून दोऱ्या सोडल्या आणि स्वतःचा फोटो गुंडाळून काखेत मारला.

चाचांनी आधी वीस फूट मागं घेऊन ट्रेलर सरळ केला. मग गल्लीत घातला. ट्रेलरचं तोंड देवळाच्या दारापासून चाळीस हातांवर थांबलं आणि पात्याचं टोक चौक ओलांडून गल्लीत आलं. एवढं आत गेल्यावर लोकांचं हसणं थांबलं. आता सगळ्यांना ते व्हावंसं वाटत होतं. गिरणीवालाही बाकड्यावरून उठला.

मागं यायचं तर चाचांना दोनशे फुटांपलीकडचं दिसत नव्हतं. मागच्या चाकांना वेगळं सुकाणू असतं, ते चालवणारा आमचा माणूस रिमोट गळ्यात अडकवून तयार होता. पण टोक कुठं चाललंय हे कुणीतरी बघून चाचांना वॉकीटॉकीवर सांगायचं होतं. मी पुढं झालो.

"तू नै," चाचा म्हणाले. "अज्जाकू दे."

अज्जांनी आयुष्यात वॉकीटॉकी धरला नव्हता. बटण दाबून बोलायचं आणि सोडून ऐकायचं, हे त्यांना जमेना. मग असं ठरलं की अज्जांनी बघायचं आणि बोलायचं, आणि वॉकीटॉकी त्यांच्या तोंडापाशी धरून बटण मी दाबायचं. सर्वे विभागाची माझी सगळी जबाबदारी तेव्हा अंगठ्यात येऊन बसली.

अज्जा रथाचीच भाषा बोलले. "बरलि, बरलि," म्हणजे येऊ द्या. "निल्सु," म्हणजे थांबवा. चाचांनी विजापूरकडं वीस वर्षं सिमेंट वाहिलेलं, त्यांना ते मराठीइतकंच कळायचं. मला कळत नव्हतं, म्हणून अज्जांच्या ओठांकडं बघून मी दाबत होतो. एकदा त्यांना खोकला आला तरी दाबलं, आणि खोकल्यावर चाचांनी ब्रेक मारला.

टोक गल्लीतून चौकात आलं. माळाच्या रस्त्याकडं हलकेच कललं. पुतण्यानं मागच्या चाकाच्या एका बाजूला पाचर सारली, सवयीनं, गरज नसताना. अज्जांनी त्याला लगेच सुनावलं. दूध केंद्राच्या अक्का भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, जणू पातं भिंतीला लागायचं असेल तर आधी त्यांना लागावं लागेल. पांढरं शुभ्र पोट त्यांच्यासमोरून सरकत गेलं. दीड हात अंतर होतं. एक हात. मग परत दीड. मग बुंधा गेला, मग ट्रेलरचं तोंड गेलं, आणि चाचांचा चेहरा खिडकीतून आमच्याकडं बघत मागं मागं गेला.

अक्कांनी भिंतीवर हात फिरवला. "स्पर्श न्हाय झाला," त्या म्हणाल्या.

मग काय झालं ते नीट सांगता येणार नाही, कारण एकदम सगळंच झालं. कुठून तरी हलगी आली. मास्तरांनी शाळा सोडली. पोरं आधीच बाहेर होती, मास्तरांनी फक्त मान्यता दिली. तुरीच्या रानातल्या बायका बांधावर येऊन उभ्या राहिल्या. वीज आली आणि गिरणीची धडधड सुरू झाली, पण गिरणीवाला गिरणी चालू ठेवून आमच्यामागंच आला. रथाची बारा-पंधरा माणसं आपापल्या पाचरी घेऊन चाकांबरोबर चालत होती. चढावर दर शंभर पावलांनी अज्जा "निल्सु" म्हणायचे, मी बटण दाबायचो, ट्रेलर थांबायचा, पाचरी चाकाखाली जायच्या, आणि चाचा खिडकीतून हात बाहेर काढून कुणाच्या तरी तांब्यातलं घोटभर पाणी प्यायचे. रथाला लागतात तेवढेच थांबे अज्जांनी घेतले. एक पादुकांपाशीही घेतला, तिथं नारळ फुटला. पवनचक्कीच्या पात्याला नारळ फोडणं नियमात बसतं का हे मी कुणाला विचारलं नाही.

अर्ध्या चढावर असताना खालून दाजी आले.

त्यांची गाडी चौकात गर्दीत अडकली होती, म्हणून ते चालत निघाले होते. उन्हातून धापा टाकत वळणावर आले आणि त्यांना समोर काय दिसलं, तर ट्रेलरचं तोंड. सरळ त्यांच्याकडं रोखलेलं. काचेमागं चाचा. दाजींचा समज झाला की पातं माघारी येतंय. ते तिथूनच सुरू झाले.

"मला माहीत होतं. मला सकाळीच माहीत होतं. कुठं आहे तो? त्याला बहीण आहे म्हणून मी गप्प बसलो, दुसरा असता तर..."

ते बोलत होते आणि चालत होते, आणि ट्रेलर जवळ यायच्या ऐवजी लांब चालला होता. दाजींनी चाल वाढवली. ट्रेलर तरीही तेवढाच लांब. चाचांनी खिडकीतून त्यांना सलाम केला आणि आणखी दहा हात दूर गेले. दाजी थांबले. त्यांनी ट्रेलरकडं बघितलं, मग पार वर, माळाच्या कडेवर पोचलेल्या त्या टोकाकडं. 

"हे वर चाललंय," ते म्हणाले.

"व्हय की," अक्का त्यांच्या शेजारून जाताना म्हणाल्या. त्यांनीही केंद्र बंद करून चढ धरला होता. "चला बिगीबिगी, न्हायतर मागं ऱ्हाशीला."

पावणेदोनला पातं माळावर चढलं. वरची क्रेनवाली माणसं काम टाकून रांगेत उभी होती. पातं उलटं आलेलं त्यांनीही पहिल्यांदाच बघितलं असावं. मोकळ्या माळावर चाचांनी एक मोठा फेरा मारून ते हवं तसं लावून दिलं, इंजिन बंद केलं, आणि खाली उतरून मान दोन्ही बाजूंना फिरवून बघितली. फिरत होती.

दाजी घाम पुसत आमच्याजवळ आले. "हा मार्ग कुणी काढला?"

माझं तोंड उघडलं होतं. त्यातून काय बाहेर आलं असतं ते मला सांगता येणार नाही. खरं आलं असतं अशी खात्री देत नाही. पण अज्जा आधी बोलले.

"ह्यानं इचारलं," काठीनं माझ्याकडं दाखवत ते म्हणाले. "आमी सांगितलं. इचारायला उशीर केला, पर इचारलं."

चाचांनी खिशात हात घातला. माझ्या वहीची प्रत त्या खिशात आहे हे मला माहीत होतं. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. त्यांनी खिशातून तंबाखूची पुडी काढली.

 दाजींनी त्या पांढऱ्या धुडाभोवती परत एक फेरी मारली, सकाळसारखीच, पण या वेळी मधे मधे त्याच्यावर थाप मारत. परत आले तेव्हा क्रेनचा साहेब आणि आमची सगळी माणसं त्यांच्याभोवती जमली होती. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर आणून थांबवली.

"परवा दुसरं पातं येतंय," ते म्हणाले. "कुंभारीतनं किती वाजता काढायचं, तू सांग."

मी आकाशाकडं बघितलं. त्याची काही गरज नव्हती. मग चाचांकडं, अज्जांकडं, आणि अक्कांकडंही बघितलं, कारण पाचला दूध यायचं असतं. अख्खं पातं एकट्यानं डोक्यावर घेऊन वर आल्यासारखा मी दोन पायांवर भार टाकून उभा राहिलो.

"सहाला," मी म्हणालो.

कुणीच हसलं नाही. चाचांनी पुतण्याला विचारलं, "परवा सुबह चौकमें आता ना? पाचर लेको?" आणि दाजी क्रेनच्या साहेबाला सांगत होते, "सहाला निघतो. दुपारच्या आत तुमच्याकडं."